चाकं दिसली की लिंबू

लेझर कटरला खाली चार छोटी चाकं असतात. ट्रकमधून उतरवून खोलीपर्यंत ढकलत आणायला ती लावलेली असतात. मशीन एकदा जागेवर बसलं की चाकांचं काम संपलं. हे मी तीन वर्षं घसा कोरडा करून सांगते आहे. पण चाक दिसलं की आमच्या मुलांना त्याखाली लिंबू दिसायला लागतं, त्याला मी काय करू?

विजयादशमीच्या सकाळी मी हावेरीहून पहिल्या बसनं परत आले. आदल्या दिवशी आयुधपूजेला भावाकडे गेले होते. त्याची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीच्या पूजेला बहीण नसली तर तो वर्षभर ऐकवतो. जाताना विद्यापीठातल्या आमच्या लॅबची किल्ली विरूपाक्षकडे दिली होती. मुलांनी स्वतःच्या हातानं वस्तू बनवायची ती जागा. दारावर ‘मेकरस्पेस’ अशी पाटी आहे, पण खोलीला सगळे लॅबच म्हणतात. विरूपाक्ष शेवटच्या वर्षाला आहे. मी त्याला बजावलं होतं की हार घाला, कुंकू लावा, केळीचे खुंट बांधा, आरती करा, चुरमुऱ्यांची मंडक्की वाटा, पण मशीन चालू करायचं नाही आणि झाकण उघडायचं नाही. मशीनची किल्ली तशीही माझ्या पर्समध्येच होती. विरूपाक्षनं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

लॅबचं दार उघडलं तर झेंडू, उदबत्ती आणि लिंबू असा मिळून वास आला. उंबऱ्यावर फोडलेला कोहळा होता. कोपऱ्यात लाकूड कोरायचं मशीन आहे, त्याच्या फिरत्या टोकाला, म्हणजे जिथे पातं बसतं तिथे, झेंडूची माळ चांगली चार वेढे देऊन गुंडाळली होती. लेझर कटरवर मोठं लाल बटण आहे. काही बिनसलं की क्षणात दाबायचं, मशीन जागच्या जागी थांबतं. त्यावर विभूतीचे तीन पट्टे आणि मध्ये कुंकवाचा टिळा होता. दिसायला देखणं होतं. ते बटण आहे हे मात्र कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मी पूजेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हरसुद्धा मी आदल्या दिवशी भावाच्या देव्हाऱ्यात ठेवला होता. हारफुलं पाहून मला राग आला नाही. माळ काढून ठेवली, बटण पुसलं, आणि मग माझं लक्ष जमिनीकडे गेलं.

जमिनीवर मी पिवळ्या पट्टीनं चार चौकोन आखलेत, एकेका चाकाला एकेक. चाकं त्याच्या बाहेर होती. आणि प्रत्येक चाकाच्या मागे फरशीवर चिरडलेलं लिंबू, बिया आणि कुंकवाचा चिकट पट्टा होता.

“विरूपाक्ष,” मी हाक मारली.

तो मागच्या बाजूला खुर्च्या मांडत होता. नवीन पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, चेहऱ्यावर घरचं कार्य पार पडल्याचं समाधान. त्याच्याबरोबर दाक्षायणी होती. ही दुसऱ्या वर्षाची, हुशार, आणि खोटं बोलता येत नाही ही तिची मोठी अडचण.

“मशीन कुणी हलवलं?”

“हलवलं नाही, मॅडम,” विरूपाक्ष म्हणाला. “लिंबावरून घेतलं.”

“म्हणजे हलवलं.”

“म्हणजे पूजेपुरतं. बसला, टेम्पोला, सगळ्यांना घेतात ना. डीन सरांच्या गाडीला पण काल घेतलं. मग याला चार चाकं असून नाही घेतलं तर बरं दिसलं नसतं.”

“आठ जण लागले,” दाक्षायणी म्हणाली. “पुढच्या चाकांचं लिंबू फुटेचना. मग सगळ्यांनी मिळून थोडं उचललं आणि सोडलं.”

“सोडलं,” मी म्हणाले.

“हळूच सोडलं, मॅडम.”

मी खुर्चीवर बसले. या दोघांना मी स्वतः शिकवलंय. मशीनच्या मागच्या अंगाला काचेची लांब नळी असते, तिच्यातून लेझरचा झोत निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. नखाएवढे तीन आरसे त्याला वळवत वळवत पुढे नेतात आणि शेवटी खाली फळीवर सोडतात, तिथे तो लाकूड कापतो. आरसा केसभर हलला तरी झोत दुसरीकडेच जातो. कुठे जातो ते दिसत नाही, कारण झोतच दिसत नाही. पहिल्या तासाला मी हे सांगते, दुसऱ्या तासाला त्यांच्याकडून म्हणून घेते, परीक्षेत विचारते. विरूपाक्षला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते.

“आरशांचं काय होतं हलवल्यावर?” मी विचारलं.

“जागा सोडतात, मॅडम,” विरूपाक्ष लगेच म्हणाला.

“आणि तुम्ही काय केलंत?”

“पण ही पूजा होती ना,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं की यात सगळं आलं.

मी उठून मशीनभोवती फेरी मारली. मागचा धूर बाहेर नेणारा जाड पाइप निसटून लोंबत होता. समोरच्या अंगाला झाकणाच्या खाली एक लांब फट असते, लांबलचक फळी आत सरकवायची असली तर. एरवी तिच्यावर पत्र्याची पट्टी बसवलेली असते. ती पट्टी काढून बाजूला ठेवली होती आणि फटीतून सुतळी ओवून दोन्हीकडे केळीचे खुंट बांधले होते.

“मी सांगितलं होतं झाकण उघडायचं नाही.”

“झाकण नाही उघडलं,” विरूपाक्ष म्हणाला. “ही पट्टी आहे.”

हा मुलगा इंजिनिअर कशाला होतोय, वकील का नाही झाला, असं माझ्या मनात आलं. झाकण उघडं असेल तर मशीन चालूच होत नाही, तशी सोय आहे. पट्टीला तसली काही सोय नाही. ती माणसानं लक्षात ठेवून लावायची असते.

तेवढ्यात दाक्षायणीनं घड्याळ पाहिलं. “मॅडम, डीन सर येतील. मुहूर्त आहे.”

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे आयुधपूजेला हत्यारं झाकून ठेवतात, त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, चांगला मुहूर्त बघून पहिलं काम करतात. ते नीट झालं की वर्ष नीट. लॅबचं पहिलं काम डीन सरांच्या हातून, ही प्रथा त्यांनीच पाडली. मुलांनी त्यासाठी ‘श्री’ अक्षराचं नक्षीकाम काढून ठेवलं होतं. सरांनी बटण दाबायचं आणि खुर्चीत बसून बघायचं, मशीन ते फळीवर कापणार, टाळ्या, मंडक्की. मशीनच्या समोर तीन पावलांवर सरांची खुर्ची मांडली होती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकून.

आणि दुसरीही गोष्ट सांगायला हवी. माझी नेमणूक वर्षावर्षाची आहे. दसऱ्याच्या सुमाराला कागद डीन सरांच्या टेबलावर जातो. सही झाली तर मी आणखी एक वर्ष, नाही झाली तर हावेरीला भावाच्या गिरणीत. मी आले तेव्हा या खोलीत मोडके बाक आणि कबुतरं होती. इथली एकेक वायर मी ओढलीय. मला ही खोली सोडायची नव्हती, अजिबात नव्हती, आणि सरांना ते चांगलं ठाऊक होतं.

आमचे डीन डॉ. चन्नवीरय्या माणूस वाईट नाही. गोड बोलतात, मुलांच्या पाठीवर हात ठेवतात, कुणाच्याही घरच्या लग्नाला जातात. नकार ऐकायची सवय मात्र त्यांना नाही. ते रेशमी पंचा पांघरून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “हं, करा सुरू. साडेदहाला राहुकाळ लागतो.”

“सर, आज मशीन चालू होणार नाही,” मी म्हणाले. “काल जागेवरून हललंय. आरसे तपासायला हवेत, धुराचा पाइप लावायला हवा. दोन तास तरी जातील.”

“दोन तासांनी राहुकाळ असेल.”

“असेल, सर.”

ते हसले. “नागवेणी, आपल्याला रॉकेट सोडायचं नाहीये. एक ‘श्री’ कापायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.”

“अर्धं मिनिट पुष्कळ झालं, सर. झोत कुठे जाईल मला आत्ता सांगता येत नाही.”

“तीन वर्षं फळीवर जातोय, आज कुठे जाईल? मुलांनी पूजा केली म्हणून?” मागे उभ्या मुलांमध्ये कुणीतरी हसलं. “देवाचं नाव घेऊन दाबायचंय. काय होणार आहे?”

काय होणार आहे ते मला ठाऊक नव्हतं, म्हणूनच तर मी दाबू देत नव्हते. पण ठाऊक नाही असं म्हटलं की माणसं म्हणतात, बघा, बाईंना काहीच ठाऊक नाही. छातीठोक सांगितलं तर म्हणतात, घाबरवते.

“सर, उद्या तुमच्या हातूनच करू.”

“उद्या विजयादशमी आहे का?” त्यांचा आवाज अजूनही गोडच होता. “हे बघा, तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. नुसतं आठवलं म्हणून सांगितलं. किल्ली द्या.”

मी पर्स काखेत घट्ट धरली, बसमध्ये चोराला बघून धरतात तशी, आणि म्हणाले, “नाही देता येणार, सर.”

ते उठले. पंचा सावरला, कुणाच्याही पाठीवर हात न ठेवता दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरचा कोहळा ओलांडून निघून गेले. मंडक्कीची परात तशीच राहिली.

मग मुलं बोलायला लागली. “मॅडम, अर्धं मिनिट तर होतं.” “दोन दिवस झाडलोट केली आम्ही.” “पहिल्याच कामाला नाट लागला, आता वर्षभर काही नीट कापणार नाही, बघा.” शेवटचं वाक्य विरूपाक्षचं. त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याची दयाही आली आणि त्याला दोन लगावून द्याव्यात असंही वाटलं.

“केळीचे खुंट सोडा,” मी म्हणाले. “फरशी पुसा. पाइप बसवा. आणि कुणी जायचं नाही, सगळ्यांनी बघायचं.”

दोघंतिघं तोंड वाकडं करत कामाला लागले. मशीन पिवळ्या चौकोनात आणलं, या वेळी न उचलता. पाइप घट्ट बसवला, पंखा लावून धूर ओढतो का ते उदबत्तीनं पाहिलं. समोरच्या फटीवर पत्र्याची पट्टी परत लावली. मग मी कागदी चिकटपट्टी घेतली. एक तुकडा दुसऱ्या आरशावर डकवला, आणि दुसरा त्या पत्र्याच्या पट्टीला आतून. आरसे तपासायची ही साधी रीत आहे. चिकटपट्टी लावायची, झोत डोळ्याचं पातं लवेल एवढाच सोडायचा, आणि काळा डाग कुठे पडतो ते बघायचं. आरशाच्या मधोमध पडला तर सगळं ठीक.

मुलांना मागच्या भिंतीशी उभं केलं. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे, आग विझवायचा सिलिंडर माझ्या पायाशी, झाकण बंद. किल्ली फिरवली आणि बटण एकदाच, बोट टेकवल्यासारखं दाबलं. काही दिसलं नाही, काही ऐकूही आलं नाही. मी मशीन बंद केलं, किल्ली काढली, झाकण उघडलं.

आरशावरची चिकटपट्टी कोरी होती. झोत तिथे पोचलाच नव्हता.

“मग गेला कुठे?” कुणीतरी विचारलं.

मी समोरची पत्र्याची पट्टी काढून आतली बाजू वर केली. चिकटपट्टीला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं आणि त्याखाली पत्रा काळा झाला होता.

आधी दाक्षायणीच्या लक्षात आलं. ती वाकली, फटीतून बाहेर बघितलं, आणि वाकूनच राहिली. फटीसमोर, तीन पावलांवर, पांढऱ्या टॉवेलची खुर्ची होती. सकाळी ही पट्टी जागेवर नव्हती, तिच्या जागी केळीची पानं होती.

“इथे,” तिनं स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवलं. “बटण दाबून सर बसले असते तर इथे.”

विरूपाक्ष खुर्चीपाशी गेला, टॉवेल उचलला, परत ठेवला. त्याला बसायला काही मिळेना म्हणून तो जमिनीवरच बसला. मी त्याला तसंच सोडून आरशांकडे वळले. तीन वर्षं मी बोलतच होते.

मी फटीवर दुसरा पत्रा लावून आरसे जागेवर आणत होते तेवढ्यात दाक्षायणी पट्टी घेऊन सरांच्या बंगल्यावर गेली. मला न विचारता गेली. विचारलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, कारण मला वाटत होतं आता ते आणखी चिडतील.

दुपारी सर आले. पंचा नव्हता, साधा बुशशर्ट होता. एका हातात ती पट्टी, काखेत काहीतरी चपटं, वर्तमानपत्रात बांधलेलं. ते खुर्चीपाशी उभे राहिले. पट्टी मशीनला लावून बघितली, भोकाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी कळलं.

“हं,” ते शेवटी म्हणाले. “म्हणजे खुर्ची बाजूला मांडायला हवी होती.”

मी त्यांच्या हातून पट्टी घेतली आणि फटीवर बसवली.

“पुढच्या वर्षी लक्षात ठेवा, विरूपाक्ष. खुर्च्या डावीकडे.” मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला. “सकाळी मी जरा बोललो. मनावर घेऊ नका. घरी बायकोनं ती पट्टी पाहिली आणि मला फार बोलली.” त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, मशीनच्या झाकणावर उलगडला. माझाच कागद होता, वर माझं नाव. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “हे उरकून टाकू. आणि आता मशीन ठीक झालंय ना?”

“झालंय, सर. आत्ताच तपासलं.”

“मग तेवढं हे कापून टाका.” पेन हातात धरूनच त्यांनी काखेतलं पुडकं सोडलं. आत पांढरा, चकचकीत, हलका बोर्ड होता. “उद्या बेंगळूरूचे पाहुणे येताहेत. त्यांच्या नावाच्या पाट्या. बाजारात म्हणाले, हा स्वस्त पडतो.”

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. ज्या वस्तूचं नाव माहीत नाही ती मशीनमध्ये जात नाही. पांढरे चकचकीत बोर्ड सगळे सारखेच दिसतात. काही सुरेख कापले जातात. काही जळले की असला वायू सोडतात की माणसाची छाती आतून पोळते आणि आठवड्याभरात मशीनचं लोखंड गंजून जातं. बघून कळत नाही, हात लावून कळत नाही. विचारावं लागतं.

मला विचारायचं होतं. पण पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर होतं. मी मनाशी म्हटलं, आधी सही होऊ दे, मग विचारू, दोन मिनिटांनी काय बिघडतंय. आणि मी गप्प बसले.

“सर, हे कशाचं आहे?” विरूपाक्ष म्हणाला.

सरांनी मान वर केली. “बोर्डाचं.”

“कुठल्या बोर्डाचं?”

“पांढऱ्या. दिसत नाही का?”

“तसं नाही, सर. नाव काय त्याचं? दुकानदारानं काय सांगितलं?” तो उठून उभा राहिला होता. “नाव कळल्याशिवाय आम्ही आत घालत नाही.”

तीन वर्षं. तीन वर्षं मी हे या पोराच्या डोक्यात कोंबत होते, आणि यानं ते शिकायला नेमकी हीच घडी शोधली. आणखी एक श्वासभर थांबला असता तर काय बिघडलं असतं याचं? मला त्याचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि ते नुसतं संतापाचं नव्हतं, हेही मला तेव्हाच कळलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं.

“नागवेणी,” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “या मुलाला गप्प बसायला शिकवलं नाहीत वाटतं.”

मी मशीनची किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

“नाही, सर,” मी म्हणाले. “आधी त्याला उत्तर द्या.”